सदुसष्ट मेंढ्यांचा अर्ज

आपल्या बायोडाट्यात छंद म्हणून क्रिकेट लिहिलंय, हे सुकन्याला भर मुलाखतीत कळलं. दूध संकलन केंद्रावर एका जागेसाठी चाळीस जण आलेले. टेबलामागच्या माणसानं कागद वाचला, तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, बॅटिंग का बॉलिंग. शेजारचे दोघं हसले. नांदूरघाटच्या झेरॉक्सवाल्याकडं सगळ्या तरण्या पोरापोरींसाठी मिळून एकच बायोडाटा होता. नाव बदलायचं, जन्मतारीख बदलायची की झाला नवा. त्या दिवशी आधीच्या पोराचा छंद पुसायचा राहून गेला होता. ती बाहेर आली तेव्हा बाकावरच्या पोरांच्या मांडीवर तसल्याच फायली दिसल्या. तोच वेलबुट्टीचा काठ, तेच इंग्रजी वाक्य, ज्याचा अर्थ त्यातल्या एकालाही सांगता आला नसता.

तो तिचा नववा अर्ज. पशुसंवर्धनाची दोन वर्षांची पदविका होऊन तीन वर्षं उलटली होती, आणि या वर्षी घरात तिच्यासाठी मुदत ठरली होती. दिवाळी झाली की तिचे वडील म्हाळू देवकते कळप घेऊन गोदाकाठाला जात. तिकडं शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, गुढीपाडव्यापर्यंत रोज वेगळ्या रानात मुक्काम. इतकी वर्षं संगं आई जायची, भामाबाई. आता तिचे गुडघे वाजायला लागले होते. म्हाळूनं पोरीला स्पष्टच सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर लागली, न्हाईतर आईच्या जागी तू. तो काही रागानं बोलला नव्हता. माणूस कमी पडत होतं, एवढंच.

दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस पाटी लागली. नांदूरघाटच्या पलीकडं माळावर अमरसिंहांनी शेळी-मेंढी पैदास केंद्र काढलं होतं. अमरसिंह म्हणजे दीडशे एकराचे मालक; पंचायत समितीला कोण उभं राहायचं ते त्यांच्या ओसरीवर ठरायचं. केंद्राची रोजची व्यवस्था बघायला त्यांनी भाचा ठेवला होता, पप्पू. आता कळप पर्यवेक्षक पाहिजे होता. जागा एक.

सुकन्या झेरॉक्सवाल्याकडं गेली नाही. तिनं चित्रकलेची मोठी वही आणली. केंद्राच्या मेंढ्या दुपारनंतर गायरानावर सुटायच्या. ती आपला कळप घेऊन रोज त्यांच्या बाजूला जाऊन बसायला लागली, आठ दिवस. एका पानावर एक मेंढी. समोरून तोंड, दोन्ही कान, उभं राहायची ढब, आणि खाली दोन ओळी. नंबर चार: डावा मागचा पाय झाडते, खूर वाढलंय. नंबर एकोणीस: चरते कमी, दुसरीच्या तोंडातलं ओढते, दात बघा. नंबर बेचाळीस: कोकरू पाजत नाही, लाथ मारते, दोन दिवस एकत्र कोंडून ठेवा. शेळ्या वगळल्या. मेंढ्या सदुसष्ट भरल्या. मार्क, टक्केवारी, पत्ता असलं सगळं तिनं शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: ‘आपल्या कळपातील सदुसष्ट जनावरांची ओळख. करून देणार, सुकन्या म्हाळू देवकते.’ देण्याआधी एकेका पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. आपलं काम आपल्याकडं असावं, म्हणून.

बुधवारी वही दिली. शनिवारी फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी आपलं नाव डॉक्टर तेजश्री सांगितलं. अंबाजोगाईहून आठवड्यातून दोनदा केंद्रावर जनावरं तपासायला येत होत्या. त्या म्हणाल्या की असा अर्ज त्यांनी अजून बघितला नाही, रात्रभर वाचत बसल्या होत्या, आणि सोमवारी अकराला यायचं.

रविवारी सकाळी मामा आला. नाथा, भामाबाईचा धाकटा भाऊ, दिंद्रुडचा. त्याच्या अकरा मेंढ्या पोळ्याच्या सुमारास पिकअपवाल्यांनी वाघुरीतून उचलल्या होत्या. रात्री मेंढ्या कोंडायची जाळीची वाघूर कापली, कुत्र्याला काहीतरी खायला घातलं आणि गेले घेऊन. तेव्हापासून नाथा एकेक आठवडी बाजार पालथा घालत फिरत होता. माजलगाव झालं, केज झालं, आता नेकनूरला जायचं म्हणून बहिणीकडं चहाला थांबलेला. कपाळावरची आठी महिनाभरात हाडात गेल्यासारखी दिसत होती.

भामाबाईला भावाचं मन जरा दुसरीकडं वळवायचं होतं. ती म्हणाली, पोरीनं केंद्राच्या मेंढ्यांची चित्रं काढलीत, बघ तरी. सुकन्यानं मोबाईल आईच्या हातात दिला. भामाबाई अंगठ्यानं पानं सरकवत होती, मधेच हसत होती. मग तिचा अंगठा थांबला.

“माघारी घे गं,” ती म्हणाली. “आता गेलं ते.”

सुकन्यानं माघारी घेतलं. नंबर एकतीस.

“हा माझ्या म्हायेरचा कान हाय.”

धनगराच्या घरात कोकरू महिन्याचं झालं की कानाला कातर मारतात. कुणाची कातर वरून, कुणाची खालून, कुणी टोक उडवतं. बापाची खूण पोराकडं येते. कातर मारायचं काम पुरुषांचं, आणि बायका जनावर ओळखतात ते तोंडावरून. सुकन्याही तशीच शिकलेली. केंद्राच्या मेंढ्या दहा बाजारांतून आणलेल्या, कान दहा तऱ्हेचे, तिनं दिसले तसे काढले. तिला खूण म्हणजे घरची, उजव्या कानाला खालून एक कातर, तेवढीच ठाऊक. आईच्या माहेरची खूण, डाव्या कानाला वरून दोन आणि उजव्याचं टोक तिरकं, ही तिनं कधी नीट बघितलीच नव्हती.

नाथानं मोबाईल घेतला. एकतीस, बत्तीस, तेहतीस. पाच पानं तो पुढं-मागं करत राहिला. मग त्यानं मोबाईल सतरंजीवर ठेवला आणि चपला पायात घातल्या.

म्हाळू आडवा आला. “कुठं निघालास बे?”

“कुठं म्हंजे? दाजी, मेंढ्या माझ्या हायत.”

सुकन्या पुढं झाली. ती म्हणाली, मामा, उद्या अकराला माझी मुलाखत हाय. म्हणताना तिला स्वतःलाच ते कसंतरी वाटलं.

“तुझी मुलाखत हाय म्हणून त्या त्याच्या शेडात राहू देऊ व्हय?” नाथा म्हणाला. “महिना झाला मी कुत्र्यावानी फिरतो. आन तू कान काढून त्यालाच नेऊन दिलेस.”

ती एकेक गोष्ट सावकाश सांगायला लागली. आज मालक बीडला गेलेत, तिकडं एकटा पप्पू आहे. तुम्ही जाऊन आरडाओरडा केला तर तासाभरात त्या मेंढ्या गाडीत पडतील आणि परत कुणालाच दिसायच्या नाहीत. वही त्यांच्याकडं आहे, पण कान कसा वाचायचा ते त्यांना माहीत नाही. उद्या मालक असतील, डॉक्टर असतील, चार लोकं असतील. उद्या बारा वाजेपर्यंत थांबा.

नाथानं म्हाळूकडं बघितलं. म्हाळू भिंतीला टेकून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, “मालकाच्या दारात जाऊन चोरीचा माल हाय म्हणायचं, आन वर त्याच्याकडंच पगार मागायचा. लई शिकली पोरगी.”

शेवटी नाथा थांबायला कबूल झाला, पण एका अटीवर. ते पाच फोटो आत्ताच्या आत्ता त्याच्या मोबाईलवर पाहिजेत, आणि बारा वाजले की तो तिथून सरळ पोलिसात जाणार. सुकन्या पाठवताना क्षणभर थांबली. आता नोकरीचा कासरा मामाच्या हातात जाणार, हे तिला कळत होतं. तिनं पाठवले.

सोमवारी केंद्राच्या फाटकापासून फर्लांगभर अलीकडं, फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर नाथा बसला. सुकन्या एकटी पुढं गेली. ओसरीत सातआठ जण फायली घेऊन बसलेले. तिच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून एकानं विचारलंसुद्धा, की ताई, तुम्ही कुणाच्या सोबत आलात.

तिचं नाव पहिलंच पुकारलं. आत अमरसिंह खुर्चीत मागं रेलून बसलेले, साठीचा माणूस, आवाज बारीक. बाजूला डॉक्टर तेजश्री. पप्पू उभा होता. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल. वडील अमरसिंहांना मालक म्हणत आले होते. सुकन्यानं वाटेत ठरवलं होतं, आपण साहेब म्हणायचं.

अमरसिंहांनी वही पुढ्यात ओढली. “ह्या कवा बघितल्यास? तुला आत सोडली कुणी?”

आत न्हाई आले साहेब, गायरानावर बघितल्या, ती म्हणाली. त्यांनी विचारलं, कुणाला विचारलं होतंस? ती म्हणाली, गायरान सरकारचं हाय. डॉक्टरांनी मान खाली घातली, हसू लपवायला. अमरसिंहही जरा हसले आणि पानं उलटू लागले. ते ओठांत वाचत होते. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

तीसच्या पुढं छत्तीस आलं.

शिवणीत फाटलेल्या कागदाचे बारीक दाते राहिले होते. अमरसिंहांच्या लक्षात आलं नाही, ते पुढं गेले. सुकन्यानं मान वर केली तर पप्पू तिच्याकडंच बघत होता. त्यानं एक मोबाईल खिशात घातला, दुसरा हातात फिरवत राहिला. म्हणजे कान वाचणारा इथं एक होता.

डॉक्टर म्हणाल्या, कागदावर सगळंच छान दिसतं, शेडात जाऊन बघू या. त्या वहीतला नंबर वाचतील, सुकन्यानं ती मेंढी काढून दाखवायची. अमरसिंहांना गंमत वाटली. सगळे शेडाकडं निघाले. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

शेडात तिला तेवढ्यापुरतं सगळं विसरायला झालं. चार नंबर, ही. एकोणीस, ती मागं तोंड करून उभी, ती. डॉक्टर दात बघत होत्या, खूर उचलून बघत होत्या आणि मान हलवत होत्या. बारा नंबर वाचले, बारा काढले. बेचाळीसचं तर डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं की दोन दिवस कोंडली, आता पाजते.

“बास,” अमरसिंह म्हणाले. “बाकीच्यांना चहा पाजा आन लावा घरी. पोरी, कवापासून येतीस?”

दहा अर्ज आणि तीन वर्षं यांच्या शेवटी आलेलं वाक्य इतकं साधं होतं. तिनं नुसतं सोमवार म्हटलं असतं तरी झालं असतं. पण शेडाच्या पार टोकाला, पोत्याच्या आडोशाला, एक छोटा कप्पा होता. त्यात पाच मेंढ्या कोपऱ्यात दाटून उभ्या होत्या. दहाच्या दहा कानांची वरची बाजू गेलेली, वर निळं औषध.

ती तिकडं बघतेय हे बघून पप्पू म्हणाला, “काल कुत्र्यानं धरलं.”

कुत्रं मानेला धरतं, नरड्याला धरतं, मागच्या पायाला धरतं. पाच मेंढ्यांचे दहा कान एकाच मापानं कापत नाही. हे तिथं कुणालाही सांगायची गरज नव्हती. डॉक्टर जवळ जाऊन जखम बघायला लागल्याही होत्या. सुकन्याच्या ध्यानात आलं. गप्प बसलं तर नोकरी आहे, आणि बाराला मामा पोलिसात गेला तरी त्याच्या फोटोतले कान आता कुठल्याच मेंढीला नाहीत.

“साहेब,” ती म्हणाली, “वहीत सदुसष्ट व्हत्या. एकतीस ते पस्तीसची पानं कुणीतरी फाडलीत. त्या पाच ह्या हायत.”

पप्पू म्हणाला की हिनंच फाडली असतील, आता नाटक करते. त्यावर डॉक्टर जखमेवरून नजर न काढता म्हणाल्या, “शुक्रवारी रात्री मी वाचली तेव्हा पानं होती. तेहतीसवर मी पेन्सिलनं शेरा मारलाय.” आणि मग, “हे कात्रीनं कापलंय.”

अमरसिंहांचा आवाज आणखी बारीक झाला. कुणाच्या आहेत, त्यांनी विचारलं. सुकन्यानं सगळं सांगितलं. दिंद्रुडच्या नाथाच्या. माझे मामा. पोळ्याला गेलेल्या अकरातल्या पाच. कानाचे फोटो त्यांच्याकडं आहेत, ते फाट्यावर बसलेत, बारा वाजता पोलिसात जाणार आहेत.

“म्हंजे तू नोकरी मागायला आलीस का मला धरायला?”

“नोकरी मागायला. वही काढली तवा मलाबी म्हाईत नव्हतं.”

अमरसिंह भाच्याकडं वळले. “कावून कापलेस बे कान?”

पप्पू आधी मोबाईलकडं बघत राहिला. मग तुटक तुटक बाहेर आलं. मागच्या फाटकाला एक पिकअप आली होती, स्वस्तात देत होता, पावती नव्हती. वही वाचली तेव्हा कळलं की ही पोरगी धनगराची आहे, कान कुणाला तरी दाखवणार. म्हणून. आणि बाकीच्या सहा? त्या त्यानं बघितल्याच नव्हत्या, पिकअपमध्ये पाचच होत्या, असं तो म्हणाला. खरं का खोटं, त्याच्या तोंडावरून काही कळेना.

अमरसिंह शेडाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. माणसं हाताळण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते सुकन्याला म्हणाले, पाचही मेंढ्या आत्ता घेऊन जा, मामाला फोटो पुसायला सांग, आणि येत्या सोमवारपासून कामावर ये.

बाराला सात मिनिटं होती.

“फोटो आता मामाचे हायत,” ती म्हणाली. “पुसायचे का न्हाई ते त्यांनी ठरवायचं. मी न्हाई सांगणार.”

“मंग नोकरी?”

ती कप्प्याची दांडी काढायला लागली. अमरसिंहांनी तिच्याकडं बघितलं, डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर हात धूत होत्या आणि मुद्दाम सावकाश धूत होत्या.

“तुला ठेवली न्हाई तर लोक म्हणतील मालकाला म्हाईत व्हतं,” अमरसिंह शेवटी म्हणाले. “ठेवली तर म्हणतील म्हाईत नव्हतं. ये सोमवारी. आन हे तुझ्या चित्रामुळं न्हाई, ध्यानात ठिव.”

ते तिच्या ध्यानात राहिलं. फाटकातून पाच मेंढ्या बाहेर काढताना तिला आनंद झाला का, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

नाथा टपरीवरून उठून रस्त्यावर आला. मेंढ्यांजवळ खाली बसला. एकीच्या कानाच्या कडेवरून अंगठा फिरवला, निळं बोटाला लागलं ते धोतराला पुसलं. त्यानं विचारलं, बाकीच्या सहा? तिनं नाही म्हणून मान हलवली. मग त्यानं विचारलं, नोकरी मिळाली का. मिळाली, ती म्हणाली.

“बरं झालं,” नाथा म्हणाला, आणि टेम्पो बघायला गेला.

भामाबाईनं भावासाठी भाकरी करून ठेवल्या होत्या. तो घरी आलाच नाही, मेंढ्या टेम्पोत घालून सरळ दिंद्रुडला गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं तक्रार दिली. पोलिसांनी सुकन्याला बोलावलं तेव्हा तिनं जबाब दिला. कुठं बघितल्या, कधी बघितल्या, कान आधी कसे होते, आणि पप्पू मालकासमोर काय बोलला, सगळं. पप्पूलाही बोलावून घेतलं आणि संध्याकाळी सोडलं. पिकअपवाल्याचा तपास चालू आहे, असं नाथाला सांगण्यात आलं. भामाबाईनं दोनदा फोन केला. नाथा बहिणीशी बोलला, खुशाली विचारली, भाचीचं नाव काढलं नाही. म्हाळूनं गोदाकाठासाठी गावातला एक गडी ठरवला.

जबाब दिल्यावरही अमरसिंहांकडून ये किंवा येऊ नको असा काहीच निरोप नव्हता. आठवडाभर ती मोबाईल उशाला घेऊन झोपली. सोमवारी मात्र सकाळी साडेआठलाच निघाली. फाटकावर पप्पू उभा होता, तोच पांढरा शर्ट, कमरेला किल्ल्या.

“या मॅडम,” तो म्हणाला. मग हळूच, “मला बाहेर काढशील आसं वाटलं व्हतं का? मामा हायत माझे. तुझे जसे तुझे.”

ती त्याच्या बाजूनं आत गेली. तेवढ्यात मागून टेम्पो आला. भूमच्या बाजारातल्या चौदा मेंढ्या, वर ताडपत्री. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पप्पूनं फाटक पूर्ण उघडलं आणि हातानं शेडाकडं खूण केली.

सुकन्या टेम्पोच्या पुढं येऊन उभी राहिली. पिशवीतून नवी वही काढली.

“इथंच उतरवा,” ती म्हणाली. “एकेक. आधी पावती, मंग कान, मंग आत.”

ड्रायव्हरनं पप्पूकडं बघितलं. पप्पूनं आवारातल्या मालकाच्या बंगल्याकडं बघितलं. बंगल्याच्या ओसरीत अमरसिंह पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं, मान काही वर केली नाही. टेम्पोचं इंजिन तसंच धडधडत राहिलं. मग ड्रायव्हरनं ते बंद केलं, खाली उतरला आणि मागचा फळका पाडला.